गहाण सोडविण्याचा हक्क

कर्ज काढून घर घेणें ही आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत आतां इतकी सामान्य गोष्ट झाली आहे, कीं कर्ज नसलेलें घर दिसलें तरच लोक नवल करितात. दारावर पाटी आपल्या नांवाची लागते, वास्तुशांतीस आप्तेष्ट जेवून जातात, आणि घराचे मूळ दस्त मात्र बँकेच्या तिजोरींत पंधरा-वीस वर्षें पडून असतात. तेवढ्या अवधींत गृहस्थाचे केस पिकतात व मुलें मोठीं होतात. हप्ता तेवढा तसाच राहतो. अशा वेळीं एखाद्यानें मनांत आणिलें कीं पोटाला थोडा चिमटा घेऊन हें ओझें लवकर उतरावें, तर आज त्यास अडविणारें सहसा कोणी नाहीं. बँकेंत जावें, अधिक रक्कम भरावी, पावती घ्यावी, झालें. गोष्ट इतकी साधी आहे; पण ती इतकी साधी केव्हांपासून झाली, याची कल्पना फार थोड्यांस असते.

गहाणाचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे ऋणकोचे दोन हक्क स्पष्ट निराळे दिसतात. पहिला हक्क उशिरां सोडविण्याचा : मुदत टळून गेली, तरी पैसे आणून दिल्यावर आपली वस्तु परत मागण्याचा. दुसरा हक्क लवकर सोडविण्याचा : मुदत संपण्यापूर्वींच मुद्दल पुढें ठेवून मोकळें होण्याचा. वरवर पाहतां दुसरा हक्क पहिल्याहून सोपा वाटतो. उशीर करणाऱ्यावर धनकोनें रागवावें हें समजण्यासारखें आहे; लवकर देणाऱ्याचा राग त्याला कां यावा? परंतु इतिहास नेमका उलट आहे. पहिला हक्क आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत ठाम झाला. दुसरा, तोहि केवळ कांहीं कर्जांपुरता, एकविसाव्या शतकाचीं दहा-बारा वर्षें लोटल्यावर पदरांत पडला. असें कां झालें, आणि मिळालेल्या या हक्काचा उपयोग शहाण्या कुटुंबानें कसा करावा, हें या लेखांत पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम आपल्या जुन्या धर्मशास्त्राकडे वळूं. गहाणास स्मृतिकार 'आधि' म्हणतात. याज्ञवल्क्य स्मृतींत तारण असलेल्या कर्जाचें व्याज दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे शेंकडा सव्वा रुपया, वर्षास पंधरा टक्के, असें सांगितलें आहे. आधि दोन प्रकारचा : एक नुसता राखून ठेवण्याचा, दुसरा उपभोगाचा. पहिला, कर्ज व्याजासह दुप्पट झालें तरी सोडविला नाहीं, तर बुडतो. परंतु ज्याचें फळ धनको खात आहे तो आधि कधींच बुडत नाहीं. शेत गहाण पडलें व सावकार त्याचें पीक खाऊं लागला, तर किती पिढ्या गेल्या हें न पाहतां मूळ धन्याचा हक्क जिवंत राहावा, हें त्यांतील तत्त्व. याच विचाराचें दुसरें अंग म्हणजे दामदुपटीचा नियम : एका वेळीं मागावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये.

परंतु आमच्या विषयास त्याहून जवळचीं अशीं आणखी तीन-चार वचनें त्याच स्मृतींत आहेत. ऋणको पैसे घेऊन उभा राहिला असतां आधि सोडून दिलाच पाहिजे. जो सोडीत नाहीं त्याची गणना स्मृतिकार चोरांत करितात. धनको गांवीं नसेल, तर त्याच्या कुळांतील माणसांपाशीं पैसे ठेवून वस्तु परत न्यावी. देऊं केलेले पैसे धनकोनें घेतले नाहींत, तर ते मध्यस्थापाशीं ठेवावे. त्या दिवसापासून व्याज थांबतें. आणि कर्ज थोडें थोडें फेडीत असल्यास प्रत्येक भरणा खताच्या पाठीवर लिहावा, अथवा धनकोनें स्वहस्ताक्षराची पावती द्यावी. फेड पुरी झाली कीं खत फाडून टाकावें. या स्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत झाली, आणि महाराष्ट्रांत ती पुढें शेंकडों वर्षें प्रमाण मानली गेली. म्हणजे धनको पैसे घेण्यास टाळाटाळ करितो, आणि फेडलेल्या पैशाची नोंद न झाल्यास ऋणको दोनदां बुडतो, ह्या दोन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांस पक्क्या ठाऊक होत्या.

शास्त्र असें होतें. व्यवहार मात्र सावकाराच्या वहीप्रमाणें चाले. आपल्याकडे गहाणाचे निरनिराळे प्रकार रूढ होते. नजरगहाणांत जमीन कुळाच्या ताब्यांत राही. कबजेगहाणांत ती सावकाराकडे जाई व उत्पन्न व्याजांत जिरे, त्यामुळें मुद्दल होतें तेथेंच उभें राही. सर्वांत कठीण प्रकार गहाणलहाणाचा. 'अमुक मुदतींत पैसे दिले नाहींत, तर हेंच गहाणखत खरेदीखत समजावें,' अशी त्यांत अट असे. मुदतीच्या दिवसाचा सूर्य मावळला कीं पन्नास रुपयांसाठीं पांचशें रुपयांचें शेत गेलें.

इंग्रजी अमदानींत या अटीचा निवाडा न्यायालयांपुढें आला. इंग्लंडांतील चॅन्सरी कोर्टानें सतराव्या शतकापासून एक तत्त्व धरिलें होतें : जें एकदां गहाण, तें नेहमींच गहाण, करारांतील शब्दांनीं त्याची विक्री होऊं शकत नाहीं. १८६४ सालीं मुंबई हायकोर्टानें गहाणलहाणाच्या एका दाव्यांत हेंच तत्त्व लागू केलें व मुदत टळल्यावरही ऋणकोस जमीन सोडवून घेऊं दिली. परंतु १८७० सालीं मद्रास इलाख्यांतील एका प्रकरणांत प्रिव्ही कौन्सिलानें उलट निर्णय दिला : करार तो करार, मुदत गेली कीं हक्क गेला. पुढें १८७५ सालीं पुन्हां तोच प्रश्न आला, तेव्हां कौन्सिलानें आपला निर्णय बदलला नाहीं. मात्र कायदा करून ऋणकोचा हक्क स्पष्ट करावा, हें बरें, असा अभिप्राय दिला.

त्याच १८७५ सालीं दक्षिणेंत या प्रश्नाचें उत्तर लोकांनीं आपल्या हातांनीं लिहावयास घेतलें. १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला, आणि तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरलें. या दंग्यांचा विशेष हा, कीं जमावाचा रोख माणसांवर फारसा नव्हता. तो कागदांवर होता. खतें, रोखे, हुकूमनामे बाहेर काढून त्यांची होळी केली जाई. कागद मुकाट्यानें स्वाधीन केले तर सावकाराच्या अंगास बहुधा धक्काही लागत नसे. याज्ञवल्क्यानें फेडीनंतर खत फाडावयास सांगितलें होतें. येथें फेडीची वाट कायमची बंद झाली अशा समजुतीनें खत जाळलें गेलें.

ती वाट बंद कशी झाली होती? त्याचें एक कारण वरकरणीं ऋणकोच्याच हिताचें होतें. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें नोंदणी न झालेल्या साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. जुनीं कर्जें उकरून काढतां येऊं नयेत, हा हेतु. परंतु सावकारानें त्यावर तोड काढिली : दर तीन वर्षांनीं थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून खत नवें करून घ्यावयाचें. कुळ दरसाल धान्य घालीत राही, पैसे देत राही, अंगठा उठवीत राही. आणि कर्ज मात्र वाढतच जाई. फेडलें किती याचा लेख सावकाराच्या वहींत, आणि ती वही वाचणारा सावकारच! वाचकांनीं ही खत नवें करण्याची युक्ति लक्षांत ठेवावी. पुढें तिची आठवण पुन्हां निघणार आहे.

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. प्रथम तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू होता. त्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाण्याचा अधिकार दिला : खतांत आंकडा काय आहे हें न पाहतां व्यवहार मुळापासून उकलावा, मुद्दल व व्याज यांचे हिशेब निराळे मांडावे, व्याजावर व्याज धरूं नये. कुळास लेखी पावती मागण्याचा व खात्याचा उतारा मिळविण्याचा हक्क मिळाला, आणि हप्त्यांनीं फेड करण्याची सवलत न्यायालयानें द्यावी असें ठरलें. यानंतर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आला. मुंबई इलाख्यास तो १८९३ पासून लागू झाला. त्याच्या साठाव्या कलमानें गहाण सोडविण्याचा हक्क पक्का केला, आणि ८३ व ८४ या कलमांनीं, धनको पैसे घेत नसेल तर ते न्यायालयांत भरावे व तेथून व्याज थांबावें, अशी तजवीज केली. याज्ञवल्क्याचा मध्यस्थ येथें न्यायालयाच्या रूपानें परत आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. उशिरां सोडविण्याचा हक्क अशा रीतीनें सिद्ध झाला.

परंतु त्याच साठाव्या कलमांत एक लहानसा शब्दसमूह आहे. मुद्दल देय झाल्यानंतर केव्हांही सोडविण्याचा हक्क ऋणकोस आहे, असें तें कलम म्हणतें. देय होण्यापूर्वीं काय? १९१४ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें याचा उलगडा केला : करारांत तशी खास सवलत नसेल, तर ठरलेली मुदत पुरी होईपर्यंत सोडविण्याचा हक्क साधारणतः उत्पन्नच होत नाहीं. न्यायदृष्ट्या यांत विपरीत कांहीं नाहीं. मुदत ही दोघांच्या सोयीसाठीं असते. धनकोनेंही आपला पैसा तितकीं वर्षें गुंतविण्याच्या हिशेबानें दिलेला असतो. तथापि यांतून एक सत्य उघड होतें, तें असें : जो पैसा व्याजावर लावितो, त्याला बुडव्या ऋणकोचें जितकें भय असतें, तितकी नसली तरी थोडी अडचण तत्पर ऋणकोचीही असते. बुडव्या मुद्दल नेतो, तर तत्पर मनुष्य पुढचें व्याज नेतो.

शेताच्या कर्जावरून घराच्या कर्जाकडे येतांना मध्यें हप्त्याची कल्पना लागते. साऱ्या मुद्दलाची एकरकमी फेड न करितां दरमहा थोडें व्याज व थोडें मुद्दल देत जाण्याची पद्धत युरोपांत वाढली. इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहरीं १७७५ च्या सुमारास रिचर्ड केटली नांवाच्या गृहस्थाच्या गोल्डन क्रॉस खाणावळींत कांहीं लोकांनीं जमून गृहबांधणीची एक मंडळी काढिली. प्रत्येकानें दरमहा वर्गणी द्यावी, जमेल तसें एकेकाचें घर उभें करावें, आणि सर्वांचीं घरें झालीं कीं मंडळी मोडावी, असा त्या काळच्या अशा मंडळ्यांचा रिवाज होता. संस्थेनें आपलें काम संपवून नाहींसें व्हावें, ही केवढी निर्लोभ कल्पना! आपल्याकडे सहकाराच्या कायद्यानंतर मुंबईंत गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहसंस्था १९१५ सालीं स्थापन झाली, आणि मध्यम वर्गाच्या सहकारी घरांस तेथून आरंभ झाला. तरीही बहुतेक नोकरदारांचें घर निवृत्तीच्या वेळीं मिळणाऱ्या पुंजीवर, किंवा घरांतील सोन्यावर उभें राही. १९७७ सालीं हसमुखभाई पारेख यांनीं मुंबईंत केवळ गृहकर्जासाठीं एक वित्तसंस्था काढिली, आणि पुढील तीस वर्षांत तरुण वयांत वीस वर्षांच्या हप्त्यावर घर घेणें हा शिरस्ता पडला.

हा हप्ता दिसावयास एकसारखा, पण आंतून रोज रूप पालटणारा आहे. उदाहरणानें तो उकलूं. ३० लाख रुपये कर्ज, दर शेंकडा ९, मुदत २० वर्षें. हप्ता सुमारें २६,९९२ रुपये येतो. पहिल्या महिन्यांत त्यांतील २२,५०० रुपये व्याजांत जातात, आणि मुद्दल अवघें ४,४९२ रुपयांनीं उतरतें. पांच वर्षांत १६ लाखांहून अधिक रुपये भरले जातात. मुद्दल मात्र सुमारें ३ लाख ३९ हजारांनींच कमी झालेलें असतें. निम्में मुद्दल फिटावयास वीसांतील जवळजवळ चौदा वर्षें लागतात. शेवटीं ३० लाखांवर एकंदर व्याज सुमारें ३४ लाख ७८ हजार होतें. यांत लबाडी कोणाचीच नाहीं. गणितच तसें आहे. पण तें न कळलेला मनुष्य पांच वर्षांनीं खात्याचा उतारा पाहतो, तेव्हां त्याच्या पोटांत धस्स होतें.

आतां हेंच गणित उलट बाजूनें पाहावें. याच कर्जावर पहिल्या महिन्यापासून दरमहा ५,००० रुपये अधिक भरले, तर तें २० वर्षांऐवजीं सुमारें १३ वर्षें ७ महिन्यांत फिटतें, आणि व्याजाचे पावणेतेरा लाख रुपयांच्या आसपास वांचतात. तेवढें जमत नसेल, तर वर्षाकाठीं फक्त एक हप्ता अधिक, म्हणजे बारांऐवजीं तेरा, भरावे; मुदत साडेसोळा वर्षांवर येते व सुमारें सात लाख वांचतात. कारण उघड आहे. नेमलेल्या हप्त्याचा मोठा भाग व्याज खातें. वरचा रुपया सबंध मुद्दलावर पडतो, आणि त्या रुपयाचें पुढील सर्व वर्षांचें व्याज जन्मासच येत नाहीं. म्हणून आरंभींच्या वर्षांत भरलेला रुपया थोर आणि अखेरच्या वर्षांत भरलेला रुपया लहान होय.

परंतु ही वाट मोकळी होती काय? थोडें आत्मवृत्त सांगितल्यास वाचक क्षमा करतील. आम्हीं २००६ सालीं १२ लाखांचें कर्ज काढून घर घेतलें. २००९ सालीं वडिलोपार्जित जमिनीच्या वांटणीचे दोन लाख हातीं आले. तीं कर्जांत भरावीं म्हणून आम्ही मोठ्या उत्साहानें बँकेंत गेलों. तेथील अधिकाऱ्यानें सौजन्यानें सांगितलें, कीं मुदतीपूर्वीं भरणा केल्यास त्यावर शेंकडा दोन आकार पडेल. चार हजार रुपये! आमचें कर्ज आम्हीच फेडावें, आणि फेडण्याबद्दल दंडही आम्हीच द्यावा! आम्हीं करारपत्र काढून पाहिलें; अट तेथें होती, आणि तिच्याखालीं सही आमचीच होती. गणित मांडतां दंड देऊनही लाभच दिसला, म्हणून तो दिला. परंतु त्या दिवशीं सुप्याच्या कुळांची आठवण आम्हांस प्रथम झाली, हें खरें.

हा दंड कांहीं एकाच बँकेचा नव्हता. तो सर्वसाधारण रिवाज होता. शिवाय कांहीं ठिकाणीं व्याज वर्षारंभींच्या शिलकेवर धरीत, त्यामुळें वर्षांत फेडलेलें मुद्दल वर्षअखेरपर्यंत हिशेबांत येतच नसे. दर चढे-उतरे असणाऱ्या कर्जांत तर विशेषच अन्याय होई. बाजारांत दर उतरले कीं नव्या ऋणकोस स्वस्त पैसा मिळे. जुना ऋणको मात्र महाग कर्जास बांधलेला राही, कारण सुटून दुसरीकडे जावयाचें तर दंड. सुटकेचा दंड हा अशा रीतीनें दावणीचा दोर बनला होता. राष्ट्रीय आवास बँकेनें २०१० व २०११ सालीं गृहवित्त कंपन्यांस याबाबत आळा घातला. बँकांच्या ग्राहकसेवेचा विचार करणाऱ्या दामोदरन समितीनें २०११ सालीं अशीच शिफारस केली, आणि जून २०१२ मध्यें रिझर्व्ह बँकेनें चढ-उताराच्या दराच्या गृहकर्जांवर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास बँकांस मनाई केली. २०१४ सालीं व्यक्तींच्या चढ-उताराच्या दराच्या इतर मुदती कर्जांसही ती लागू झाली. ठरावीक दराच्या कर्जास मात्र हें संरक्षण सरसकट नाहीं. तेथें करारपत्र वाचूनच पाऊल टाकावें.

याप्रमाणें लवकर सोडविण्याचा हक्क मिळाला. पण हक्क मिळाला म्हणजे डोळे मिटावयास हरकत नाहीं, असें नव्हे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवधींत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. बहुतेकांचा हप्ता तेवढाच राहिला, म्हणून त्यांस कांहीं कळलें नाहीं. बदलली ती मुदत. दहा वर्षें राहिलीं असें समजणाऱ्याच्या खात्यावर कित्येक वर्षें नवीं चढलीं. १८५९ नंतरचीं सावकाराचीं नवीं खतें आम्हांस येथें आठवतात. फरक इतकाच, कीं तेव्हां अंगठा तरी घ्यावा लागे. ऑगस्ट २०२३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें यावरही नियम केला : दर बदलतांना हप्ता वाढवावा कीं मुदत, हें ऋणकोस विचारावें, आणि अंशतः वा पूर्ण फेडीची मुभा त्यास असावी. परंतु विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देण्यापुरतें आपलें खातें ज्यास समजतें, त्यालाच या नियमाचा उपयोग.

म्हणूनच या इतिहासाचें खरें तात्पर्य आमच्या मतें वहींत आहे. २००९ नंतर आमच्या सौभाग्यवतींनीं घरखर्चाची वही हातीं घेतली व खर्चाचे तीन रकाने पाडले : अटळ, पुढें ढकलतां येण्याजोगा, आणि टाळतां येण्याजोगा. दरमहा तिसऱ्या रकान्यांत जें वांचेल तें कर्जांत. पगार वाढला कीं वाढीचा अर्धा भाग, त्याची संवय लागण्यापूर्वींच, कर्जांत. महागाई भत्त्याची थकबाकी किंवा दिवाळीची बक्षिशी आली कीं ती घरीं येण्यापूर्वींच कर्जांत. यांत आम्हीं एक मोठी चूकही केली, ती सांगणें आमचें कर्तव्य आहे. २०११ सालीं उत्साहाच्या भरांत घरांतील सारी शिल्लक कर्जांत लोटली; आणि चारच महिन्यांनीं मातोश्रींस रुग्णालयांत ठेवावें लागलें. मुद्दल कमी झालें होतें खरें. पण औषधास पैसा नव्हता, आणि भरलेली रक्कम परत मागतां येईना. स्नेह्यांपुढें हात पसरावा लागला. तेव्हांपासून आमच्या वहींत पहिली ओळ सहा महिन्यांच्या खर्चाच्या राखीव शिलकेची, दुसरी महाग व्याजाच्या किरकोळ देण्यांची, आणि तिसरी घरकर्जाच्या वरकड भरण्याची, हा क्रम ठरला. हा क्रम प्रत्येकानें पाळावा अशी आमची विनंति आहे.

येथें एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचार करण्यासारखा आहे. घरकर्जाचें व्याज इतर कर्जांहून कमी. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतींत त्यावर वजावटही मिळते. मग वरकड पैसा कर्जांत न घालतां अधिक उत्पन्नाच्या ठिकाणीं कां गुंतवूं नये? ज्याची नोकरी स्थिर, छाती मोठी व हिशेब चोख, त्यानें तसें खुशाल करावें. गणित त्याच्या बाजूस असूं शकतें. परंतु ९ टक्क्यांचें कर्ज फेडणें म्हणजे ९ टक्क्यांचें निर्भय उत्पन्न मिळविणें होय, हेंही गणितच आहे. आणि आम्हीं भोंवतालीं जें पाहिलें त्यांत, गुंतवूं म्हणून ठेवलेला पैसा पुष्कळदां मोटारींत किंवा लग्नाच्या मांडवांत गुंतलेला आढळला.

वरकड भरणा करणाऱ्यानें व्यवहाराच्या तीन गोष्टी जपाव्या. भरतांना हप्ता कमी न करितां मुदत कमी करावी, असें लेखी कळवावें. भरलेली रक्कम मुद्दलांतच जमा झाली, कीं पुढील हप्त्यापोटीं राखून ठेविली, हें उताऱ्यावरून पाहावें. आणि प्रत्येक पावती जपून ठेवावी. खताच्या पाठीवर भरणा लिहिण्याची जुनी आज्ञा आजही तितकीच खरी आहे. फक्त खताची पाठ बदलली.

आमचें कर्ज २०१८ च्या दिवाळींत फिटलें, वीसाच्या ठिकाणीं साडेबारा वर्षांत. मूळ दस्त हातीं यावयास मात्र त्यानंतर तीन महिने हेलपाटे घालावे लागले. पुढें रिझर्व्ह बँकेनें १ डिसेंबर २०२३ पासून नियम केला, कीं पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत दस्त परत द्यावे व बोजा उतरवावा. धनकोच्या चुकीनें उशीर झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी. पैसे घेऊन आलेल्यास त्याची वस्तु न देणारा चोर, असें स्मृतिकार म्हणाले होते. आजचा नियम तितका कठोर शब्द वापरीत नाहीं, पण म्हणतो तेंच.

दस्त घरीं आणिले त्या संध्याकाळीं सौभाग्यवतींनीं ते देवापुढें ठेविले, आणि घरखर्चाच्या वहींत शेवटची ओळ लिहून तिच्याखालीं दुहेरी रेघ ओढिली. आम्हांस त्या वेळीं आमच्या आजोबांचें एक शेत आठवलें. तें कबजेगहाण पडलेलें, आणि पैसे जमतां जमतां तीन पिढ्या गेल्या तरी न सुटलेलें. कायद्यानें हक्क दिला होता. पण फेडलें किती व उरलें किती हें सांगणारा एकही कागद घरांत नव्हता. हक्क सरकार देऊं शकतें, न्यायालय राखूं शकतें. वही मात्र आपली आपणच लिहावी लागते.